कूलर अकोल्यात चालतो, मग ठाण्यात का नाही?

माझ्या मावसभावाची बदली अकोल्याहून ठाण्याला झाली, तेव्हा टेम्पोत गाद्या, मिक्सर, देव्हारा आणि एक लोखंडी कूलर असं सगळं गेलं. खिडकीला बाहेरून लावायचा, तीन बाजूंना गवताच्या ताट्या असलेला तो मोठा कूलर. पोराचे उन्हाळ्यात हाल नकोत, हा मावशीचा हट्ट. मे महिन्यात त्याने तो मोठ्या हौसेने लावला. तासाभरात अंथरुणं दमट झाली, भिंतीवरचं कॅलेंडर लुळं पडलं आणि घरातली माणसं घामाने चिंब. शेवटी पंप बंद करून नुसता पंखा ठेवला, तेव्हा जरा बरं वाटलं म्हणे. कूलर तोच, पंपही तोच. अकोल्यात बाहेर ४४ अंश असताना दुपारच्या झोपेत चादर ओढायला लावणारा. ठाण्यात ३४ अंशांतच त्याने हात टेकले.

एसीशिवाय उन्हाळा काढण्याचं जवळजवळ सगळं विज्ञान या एका फजितीत आलं. माठ, वाळ्याचा पडदा, ओला दुपट्टा, अंगावरचा घाम, या सगळ्यांचा धंदा एकच आहे: पाण्याची वाफ करणं. तो धंदा कुठे चालतो आणि कुठे बुडतो, हे एकदा कळलं की कुठला उपाय कधी कामाचा आणि कुठला नुसता ऐकीव, ते आपलं आपल्यालाच ताडता येतं. विदर्भातल्या बहुतेक घरांत आजही उन्हाळा कूलरच्या नाहीतर नुसत्या पंख्याच्या भरवशावर निघतो, म्हणून उदाहरणं मुख्यतः तिकडचीच घेतो.

आटवण्याचा खर्च

घरी बासुंदी करणाऱ्याला हा हिशोब आधीच माहीत असतो. दुधाला उकळी यायला थोडी मिनिटं पुरतात, आटवायला मात्र दुपार जाते. पाण्याचंही तसंच. एक लिटर पाणी २० अंशांवरून उकळीपर्यंत न्यायला सुमारे ८० किलोकॅलरी उष्णता लागते. तेच लिटरभर पाणी वाफ करून पूर्ण संपवायचं, तर वर आणखी ५४०. म्हणजे उकळण्याच्या जवळजवळ सातपट खर्च आटवण्यावर होतो.

आता वाफ व्हायला पाणी उकळलंच पाहिजे असं नाही. दोरीवर वाळत घातलेलं लुगडं कुठे उकळतं? ते साध्या हवेत वाळतं, पण तो खर्च तेव्हाही चुकत नाही. अंगाच्या तापमानाला तो लिटरमागे ५८० किलोकॅलरीच्या आसपास पडतो. फक्त खाली गॅस नसल्यामुळे पाणी ही उष्णता शेजाऱ्याकडून उकळतं. माठाच्या बाबतीत शेजारी म्हणजे आतलं पाणी, कूलरच्या बाबतीत ताटीतून जाणारी हवा आणि घामाच्या बाबतीत तुमची कातडी. तिघंही त्यामुळे थंड पडतात.

हा खर्च विजेच्या युनिटांत मांडला तर डोळे उघडतात. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे दोन तृतीयांश युनिट एवढी उष्णता हवेतून निघते. तासाला पाच लिटर पाणी उडवणारा कूलर साधारण एक टनाच्या एसीएवढं काम करतो, तेही एसीच्या काही अंश विजेत. फरक असा की एसी ती उष्णता गल्लीत, म्हणजे ज्यांच्याकडे एसी नाही त्यांच्या खिडकीखाली, नेऊन टाकतो. कूलर ती वाफेत दडवतो आणि वाफ खोलीतच सोडतो. म्हणून ती वाफ बाहेर घालवणं हे कूलर वापरण्यातलं निम्मं काम. पाहुणे आले की "गारवा बाहेर जाईल" म्हणून दारं-खिडक्या लावून घेणारी घरं मी खूप पाहिली आहेत. कूलर खिडकीत, तोंड आत, पाठ बाहेरच्या कोरड्या हवेला आणि समोरचं दार किंवा खिडकी वीतभर उघडी, ही त्याची रीत. खोलीच्या मधोमध ठेवून दार लावलेला कूलर तासाभरात अकोल्यातही ठाणं करून दाखवतो.

टाकीत बर्फ टाकण्याचा प्रकारही याच हिशोबाने तपासा. एक किलो बर्फ वितळताना ८० किलोकॅलरी शोषतो. एक लिटर पाणी उडून जाताना ५८०. बर्फाने थोडा वेळ बरं वाटतं, नाही असं नाही. पण त्या पैशांत नव्या ताट्या आल्या असत्या, आणि त्या पूर्ण उन्हाळा चालल्या असत्या.

माठाची गंमत अशी की त्याचा दोष हाच त्याचा गुण आहे: तो पाझरतो. मातीच्या बारीक छिद्रांतून पाणी बाहेर येतं, वाऱ्याने उडतं, आणि आतलं पाणी त्याची किंमत मोजतं. म्हणून माठ सावलीत, पण वाऱ्याच्या वाटेवर हवा. तिवईवर ठेवला तर खालूनही हवा लागते. बाहेरून ऑइलपेंटने फुलं-पानं काढलेला माठ दिसायला देखणा असतो, पण त्याची छिद्रं बुजलेली असतात. दोन-तीन उन्हाळे झालेला माठ पाणी गार करेनासा होतो तेही याचमुळे. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यातले क्षार छिद्रांत जाऊन बसतात. बैलगाडीला किंवा ट्रकला लटकवलेली कॅनव्हासची छागल आठवत असेल, तर तीही माठाचीच बहीण. गाडी पळेल तसं पाणी गार.

हवेची भूक

पाण्याने उडायचं ठरवलं तरी हवेने ते घेतलं पाहिजे. कोरडी हवा भुकेली असते. समुद्रावरून आलेली हवा जेवून आलेली असते, तिला आग्रह करून उपयोग नाही.

ही भूक मोजायची एक साधी रीत आहे. थर्मामीटरच्या फुग्याला ओलं कापड गुंडाळायचं आणि वारा घालायचा. कापडातलं पाणी उडतं, पारा उतरतो आणि एका जागी थांबतो. या आकड्याला वेट बल्ब तापमान म्हणतात. नुसत्या पाण्याच्या वाफेवर कुठलीही वस्तू त्या दिवशी किती गार होऊ शकेल, त्याची ही शेवटची पायरी. माठ, कूलर, माणूस, कुणीही असो, वाफेच्या जोरावर याच्याखाली जाता येत नाही.

आता अकोल्यातली मेमधली दुपार घ्या: ४४ अंश, हवेत आर्द्रता १५ टक्के. वेट बल्ब येतं २३ अंशांच्या जवळपास. दोन आकड्यांत २१ अंशांची दरी आहे. बरा कूलर या दरीचा पाऊण हिस्सा उतरतो, म्हणजे त्याच्या तोंडातून २८-२९ अंशांची हवा येते. ठाण्यात ३४ अंश आणि आर्द्रता ७० टक्के असेल तर वेट बल्ब २९ च्या वर. दरी जेमतेम पाच अंशांची. कूलर जिवाचं रान करून हवा ३० अंशांवर आणेल, आणि वर ती ओली करून तुमच्या अंगावर सोडेल. मावसभावाचं कॅलेंडर लुळं पडलं ते यामुळे.

हवामान खात्याच्या उष्णतेच्या लाटेच्या व्याख्येतही हा फरक धरलेला आहे. मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० अंशांना पोचल्याशिवाय लाटेचा विचार होत नाही. किनारपट्टीवर तोच उंबरठा ३७ आहे. शिवाय दोन्हीकडे ते सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी तरी जास्त असावं लागतं. मैदानात ४५ झालं की मग सरासरी कितीही असो, लाट. हे सगळे आकडे सावलीतले, पांढऱ्या झडपांच्या पेटीत, जमिनीपासून सव्वा मीटर उंचीवरच्या थर्मामीटरचे असतात. भर उन्हातल्या डांबरी रस्त्यावर मोबाइलमध्ये दिसलेला ४४ हा आकडा तुमच्या डोक्यावरच्या उन्हाचा नाही, शेजारच्या सावलीचा आहे. जाता जाता: २०२४ च्या मेअखेरीस नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले आणि देशभर बातम्या झाल्या. नंतर तो यंत्रातला बिघाड निघाला. विदर्भाला असल्या उसन्या विक्रमांची गरज नाही, घरचे पुरेसे आहेत.

घरचे ते का, हेही थोडक्यात सांगून टाकतो. समुद्र शेकडो किलोमीटर दूर, उंची बेताची (नागपूर समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरच्या आसपास), आणि मे महिन्यात वायव्येकडून येणारे कोरडे वारे. त्यात मेच्या शेवटच्या आठवड्यात दुपारी सूर्य नागपूरच्या बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. आमच्याकडचा नवतपा, सूर्य रोहिणी नक्षत्रात गेल्यानंतरचे पहिले नऊ दिवस, साधारण २५ मेपासून धरतात. पंचांग आणि भूगोल इथे एकमेकांशी भांडत नाहीत.

किनाऱ्यावर हवा नाही म्हणते, विदर्भात टाकी रिकामी होते

शरीराकडे येऊ. नुसतं बसलेल्या माणसाचं शरीर शंभर वॅटच्या जुन्या बल्बएवढी उष्णता सतत तयार करतं. फावडं चालवणारा माणूस याच्या तीन-चार पट. आतलं तापमान ३७ च्या आसपास राखायचं तर ही उष्णता बाहेर गेलीच पाहिजे. थंडीत ती आपोआप जाते, कारण हवा कातडीपेक्षा गार असते. उन्हाळ्यात कातडीचं तापमान ३५ च्या आसपास असतं, आणि बाहेर ४४ झाले की उष्णता उलटी, बाहेरून आत येऊ लागते. मग सुटकेचा एकच रस्ता उरतो: घाम. आणि घाम गळून काही होत नाही, तो उडाला पाहिजे. नाकाच्या शेंड्यावरून टपकलेला थेंब फुकट गेला.

इथे दोन प्रदेश दोन वेगळ्या ठिकाणी अडतात. किनाऱ्यावर घाम भरपूर येतो, पण हवा तो घेत नाही. १६ एप्रिल २०२३ ला नवी मुंबईत खारघरच्या मैदानावर भर दुपारी झालेल्या सोहळ्यानंतर १४ जण उष्माघाताने गेले. त्या दिवशी तिथलं तापमान ३८ च्या आसपास होतं. नागपूरकराला हा आकडा मार्चचा वाटेल. पण दमट हवेत, सावलीविना, गर्दीत तासन्‌तास बसलेल्या शरीराला ३८ पुरतात.

विदर्भात उलट आहे. हवा मिळेल तेवढा घाम पिऊन टाकते, इतक्या झपाट्याने की अंग ओलं वाटतच नाही आणि माणूस म्हणतो, मला घामच येत नाही. अडचण पुरवठ्याची असते. कष्टाचं काम करणारं शरीर तासाला लिटरभर घाम सहज काढतं, त्याहून फार जास्त काढणं बहुतेकांना जमत नाही, आणि तेवढंच पाणी दर तासाला पोटातून रक्तात पोचवणंही अवघड. हवेकडून, उन्हाकडून आणि स्वतःच्या कष्टातून येणारी एकूण उष्णता त्या लिटरच्या पलीकडे गेली की शरीराचं तापमान चढू लागतं, हवा कितीही कोरडी असली तरी. २०१० मध्ये शास्त्रज्ञांनी मांडलं होतं की वेट बल्ब ३५ अंशांवर गेलं तर सावलीत स्वस्थ बसलेला धडधाकट माणूसही काही तासांत दगावेल. नंतर अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या प्रयोगशाळेत तरुण, निरोगी लोकांवर मोजमाप झालं, तेव्हा दमट हवेत ही हद्द ३१ च्या आसपास निघाली, आणि उष्ण-कोरड्या हवेत त्याहूनही खाली. म्हणजे "आमच्याकडची गरमी कोरडी, ती सोसवते" ही वैदर्भीय फुशारकी अर्धीच खरी आहे.

या फरकातून उपायही वेगळे निघतात, आणि टीव्हीवरचे सरसकट सल्ले नेमके इथे फसतात. पंखा घ्या. ठाण्यात ३३ अंशांना पंखा उत्तम, कारण हवा कातडीपेक्षा गार आहे आणि वारा घामाला हलवतो. अकोल्यात ४४ अंशांना कोरड्या अंगावर पंखा म्हणजे फुंकणीने निखारा फुलवणं. विशेषतः म्हाताऱ्या माणसांना, ज्यांना घाम कमी येतो. पण त्याच माणसाच्या अंगावर ओलं सुती कापड टाका आणि मग पंखा लावा. शरीराने जो घाम काढायचा, तो तुम्ही बाहेरून पुरवला. टाकी रिकामी होण्याचा प्रश्नच मिटला. दुचाकीवरून जाताना डोक्या-कानांभोवती ओला दुपट्टा गुंडाळतात, त्यातलं शास्त्र हेच. तो वाळला की मात्र पुन्हा भिजवायचा. वाळका दुपट्टा उन्हापासून वाचवतो, गार करत नाही.

खिशातल्या कांद्याचं काय? कांदा खिशात बसून काहीही करत नाही. ठेवला म्हणून बिघडतही नाही. बिघडतं ते त्याच्या भरवशावर पाण्याची बाटली घरी राहिली तर. उकडलेल्या कैरीचा गर अंगाला चोळतात त्याने थोडं गार वाटतं, कारण तो ओला असतो. तेच काम साधं पाणी जास्त चांगलं आणि स्वस्तात करतं. कैरी पोटात गेली तर मात्र तिचा फायदा आहे. पन्ह्यात पाणी, मीठ आणि गूळ तिन्ही येतात, आणि घामातून जातं ते पाणी आणि मीठच. ताक, ज्वारीची आंबील, लिंबू-मीठ-साखरेचं सरबत, सगळी त्याच घराण्यातली. फार घाम जाणाऱ्याने नुसतं पाणीच ढोसत राहणं बरं नाही, मीठही भरून निघालं पाहिजे. औषधाच्या दुकानातली ओआरएसची पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चहाच्या चमच्याने. मीठ अंदाजाने वाढवायचं नाही. रक्तदाबाचे, मूत्रपिंडाचे रुग्ण असतील तर त्यांनी मीठ आणि पाणी दोन्हींचं प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवायचं. लघवी वाढवणाऱ्या आणि काही मानसिक आजारांवरच्या गोळ्यांनी उष्णता सोसण्याची ताकद कमी होते, त्यामुळे उन्हाळ्याआधी एकदा विचारून घेतलेलं बरं. गोळ्या मनाने बंद करायच्या नाहीत.

तहान लागेपर्यंत थांबू नका असं सगळेच सांगतात, पण आपल्या भाषेत त्याहून चांगली खूण आहे: उन्हाळी लागणं. लघवी थोडी, गडद पिवळी, जळजळ होणारी. एका ऋतूच्या नावावरून आजाराला नाव पडलं, त्यावरून तो किती घरोघरचा होता ते कळतं. बायकांमध्ये तो जास्त दिसतो आणि त्याचं कारण फक्त शरीरात नाही. शेतावर, बांधकामावर, रस्त्याच्या कामावर आडोसा नसतो, म्हणून त्या सकाळपासून पाणीच पीत नाहीत. अशा ठिकाणी पाणी प्या हा सल्ला अपुरा आहे, आधी संडास बांधा.

माझी आजी बाहेर निघालेल्या कुणालाही उंबऱ्यावर अडवायची. "कुठी चालला रे भर तपनीत? पानी पिऊन जाय." तहान आहे का, हे तिने कधी विचारलं नाही.

डोक्यावरचा तवा

कूलर कितीही चांगला असला तरी घर शत्रूच्या बाजूने असेल तर तो हरतो. सगळ्यात वाईट टिनाचं घर. मेच्या दुपारी पत्रा ६० अंशांच्या वर सहज जातो आणि खाली बसलेल्यावर उलट्या तव्यासारखा शेकत राहतो. हवा गार करून ही धग जात नाही, कारण ती हवेतून नाही, शेकोटीच्या धगीसारखी सरळ पत्र्यातून अंगावर येते. तिथे उपाय एकच, पत्रा तापूच न देणं किंवा पत्रा आणि माणूस यांच्या मध्ये काहीतरी घालणं. पत्र्याच्या वर वीतभर अंतर ठेवून शेडनेट किंवा तुराट्यांचा मांडव, खालून बारदानाचं किंवा तट्ट्याचं छत. मधल्या हवेचं अंतर महत्त्वाचं. तुराट्या, पऱ्हाट्या पेटायला वेळ लागत नाही, त्यामुळे चूल आणि विजेची उघडी तार यांच्यापासून त्या लांब. सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे छताला पांढरा चुना. पांढरा पृष्ठभाग ऊन परत पाठवतो आणि घरातलं तापमान दोन ते पाच अंशांनी उतरू शकतं. पहिल्या पावसात चुना धुऊन जातो, दरवर्षी मार्चमध्ये नवा हात मारावा लागतो, तरी हिशोब परवडतो.

जुन्या मातीच्या घराची गोष्ट वेगळी. हात-दीड हात जाड भिंतीतून दुपारची उष्णता आत पोचेपर्यंत रात्र होते, आणि रात्री माणसं अंगणात बाजेवर असतात. सिमेंटच्या स्लॅबला एवढा धीर नाही. तो दुपारी तापतो आणि संध्याकाळी, नेमका झोपायच्या वेळी, साठवलेलं सगळं खोलीत ओकतो. आठ वाजता बाहेर वारा सुटलेला असतो आणि आत छताला हात लावला तर कोमट. म्हणून ऊन उतरल्यावर गच्चीवर पाणी मारतात. दहा लिटर पाणी उडालं तर साडेसहा युनिटांहून जास्त उष्णता घेऊन जातं, आणि त्यासाठी कपडे धुतलेलं पाणीही चालतं.

खिडक्यांचा नियम सोपा आहे: बाहेर आतल्यापेक्षा गार असेल तेव्हा उघड्या, नाहीतर बंद. म्हणजे पहाटे सगळं उघडायचं आणि नऊच्या सुमारास झाकायचं. पडदा आतून लावण्यापेक्षा बाहेरून तट्टा, पोतं किंवा वाळ्याचा पडदा लावावा, कारण काचेतून एकदा आत शिरलेलं ऊन पडदा परत घालवू शकत नाही. टिनाच्या घराला मात्र हा नियम लावू नका. तिथे दुपारी आतच बाहेरच्यापेक्षा जास्त तापलेलं असतं, आणि दारं लावून बसणं धोक्याचं. अशा वेळी घर सोडून कडुनिंबाखाली, देवळात, समाजमंदिरात जाऊन बसणं हाच शहाणपणा. अहमदाबादने २०१० च्या भयंकर उन्हाळ्यानंतर २०१३ मध्ये देशातला पहिला उष्णता कृती आराखडा केला, त्यानंतर इतर शहरांनीही केले. दुपारी बागा उघड्या ठेवणं, पाणपोया, दवाखान्यांना आधी इशारा देणं, असल्या साध्या गोष्टी त्यात असतात. बागेचं कुलूप दुपारी काढणं हा आरोग्याचा कार्यक्रम असू शकतो, हे पटायला आपल्याला बराच वेळ लागला.

रात्र का महत्त्वाची तेही सांगायला हवं. दिवसभर शेकलेल्या शरीराला उतारा रात्री मिळतो. कोरड्या, निरभ्र रात्री गच्ची आपली उष्णता सरळ आकाशात फेकते, म्हणून नागपुरात ४४ च्या दिवसानंतरही पहाटे पांघरायला काहीतरी लागे. ढग आले की ते गोधडीसारखे ती उष्णता अडवतात. सलग तीन-चार रात्री गारवा मिळाला नाही तर म्हातारी माणसं ढासळतात.

कूलरबद्दल दोन गोष्टी राहिल्या, दोन्ही जिवावरच्या. लोखंडी टाकी, ओली फरशी, अनवाणी पाय आणि अर्थिंग नसलेला प्लग: विदर्भात दर उन्हाळ्यात यात माणसं जातात, बहुतेकदा पाणी भरताना. पाणी भरण्याआधी बटण बंद करून भागत नाही, प्लग काढायचा. घरात आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागताच पुरवठा तोडणारं बटण, बसवून घेणं हा कूलरच्या किमतीपुढे लहान खर्च आहे. दुसरं, टाकीतलं साचलेलं स्वच्छ पाणी डेंग्यूच्या डासाला फार आवडतं. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून कडा घासायच्या, कारण अंडी कडांना चिकटतात आणि वाळली तरी मरत नाहीत. त्याच घासण्यात क्षारही निघतात.

आणि पाणी? तासाला पाच लिटर म्हणजे दहा तासांना पन्नास. जिथे नळ आठवड्याने येतो किंवा टँकरची वाट पाहावी लागते, तिथे हे पन्नास लिटर कुणाच्या तरी आंघोळीचे किंवा पिण्याचे असतात. तिथे पूर्ण खोली गार करण्यापेक्षा माणूस ओला ठेवणं परवडतं. ओल्या कापडाला दिवसभरात बादलीभर पाणी पुरतं.

ऊन लागलं, आता काय

डोकं दुखणं, मळमळ, पायात गोळे, भोवळ: इथपर्यंत शरीर तक्रार करतंय. सावली, ओलं अंग, मीठ-साखरेचं पाणी, आडवं पडणं, एवढ्याने माणूस तासाभरात सावरतो. पण माणूस असंबद्ध बोलू लागला, ओळखेना, झोकांड्या खाऊ लागला, झटके आले, तर तो उष्माघात. शरीराचं तापमान ४० च्या वर गेलेलं असतं आणि मेंदू भाजत असतो. अंग कोरडं पडलं तरच उष्माघात, हा गैरसमज घातक आहे. काम करता करता कोसळलेला मजूर घामाने निथळत असू शकतो. खूण डोक्यात शोधायची, कातडीवर नाही.

१०८ ला फोन करा, आणि गाडी येईपर्यंत वाट पाहत बसू नका. कपडे सैल करून अंगावर भरपूर पाणी ओता आणि वारा घाला: पंखा, पुठ्ठा, धोतराचा सोगा, जे हाताशी असेल ते. बर्फ असेल तर मानेला, काखेत, जांघेत. पहिल्या अर्ध्या तासात अंग किती उतरलं, यावर पुढचं बरंच ठरतं. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी ओतायचं नाही, ते श्वासनलिकेत जातं. तापाची गोळी इथे काम करत नाही. हा ताप जंतूंनी चढवलेला नाही, उन्हाने चढवलेला आहे.

शरीराला उन्हाची सवयही लागते, पण त्याला एक-दोन आठवडे जातात. मग घाम लवकर सुटतो, जास्त येतो आणि त्यात मीठ कमी असतं. म्हणून मेमधल्या ४४ पेक्षा मार्चअखेरचे अवचित ४१ जास्त लोकांना आडवं करतात, आणि सुट्टीला पुण्याहून आलेला भाचा पहिल्याच दिवशी क्रिकेट खेळून आजारी पडतो. गडचिरोली-गोंदियाकडे एप्रिल-मेमध्ये तेंदूपत्ता तोडणारी माणसं झुंजुमुंजू होण्याआधी जंगलात असतात आणि ऊन चढायच्या आत पुडे बांधायला घरी. ज्यांचं काम त्यांच्या हातात आहे त्यांना हे जमतं. ज्याला अकरा ते चार पार्सल पोचवायचं आहे, त्याला वेळ ठरवू देणारं कुणी नाही.

मृग लागला, पहिला पाऊस पडून गेला, की पारा ३८ वर येतो आणि सगळ्यांना वाटतं सुटलो. पण आर्द्रता ५० टक्क्यांवर गेलेली असते, वेट बल्ब २३ वरून २९ वर चढलेलं असतं, आणि अकोल्याचं हवेच्या हिशोबाने ठाणं झालेलं असतं. या दोन-तीन आठवड्यांना आमच्याकडे उमस म्हणतात, आणि मेपेक्षा जास्त शिव्या तिलाच मिळतात. अशा वेळी कूलरचा पंप बंद करा, नुसता पंखा चालू ठेवा आणि समोरच्या खिडक्या सताड उघडा. मावसभावाने ठाण्यात शेवटी केलं तेच.